इपोहमधलं चिनी लग्न आणि रूमवरची जुनी मंडळी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ब्रिटन-ऑस्ट्रेलियात शिकताना एका भाड्याच्या घरात चार देशांची पोरं एकत्र राहतात, आणि त्यात मलेशियातला एखादा चिनी मित्र किंवा मैत्रीण बऱ्याचदा असते. शिक्षण संपतं, सगळे पांगतात, व्हॉट्सअ‍ॅपवरचा ग्रुप थंड पडतो. मग काही वर्षांनी एके दिवशी त्याच ग्रुपवर लाल-सोनेरी पत्रिका येऊन पडते. ती ज्यांच्या हातात पडली आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

दाखला घेतलाय तो मलेशियातल्या पेराक राज्यातल्या इपोह शहराचा. किंता खोऱ्यातल्या कथिलाच्या खाणींसाठी एकोणिसाव्या शतकात दक्षिण चीनमधून माणसं आली आणि हे गाव वाढलं. आजही इथल्या चिनी घरांत कँटोनीज ही दक्षिण चीनमधली भाषा बोलली जाते, त्यामुळे लग्नातले शब्दही तेच. पिनांगच्या होक्क्येन, म्हणजे दुसऱ्या चिनी बोलीच्या, घरात काही रीती बदलतील, गाडीच्या टपावर मुळापानांसकट ऊस बांधलेला दिसेल, पण सांगाडा हाच.

दोन गोष्टी आधीच मनात पक्क्या करा. रात्रीची मेजवानी हे लग्नाचं शेवटचं टोक आहे. खरं लग्न सकाळी घरी होतं आणि तिथे हजर राहायला हवं. आणि मित्राच्या लग्नात मित्र तुमच्या वाट्याला येत नाही. त्या दिवशी तो आजी-आजोबांचा, काका-मामांचा असतो. जुन्या मंडळींना एकमेकांसोबत बसायचं असेल तर त्यासाठी वेगळा दिवस काढावाच लागतो.

पत्रिका आल्यावर

तारीख बदलून मागू नका. ती बहुतेक वेळा तुंग शिंग नावाच्या चिनी पंचांगातून काढलेली असते, वधूवरांची जन्मवर्षं पाहून. चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यात पितर आणि भुतं पृथ्वीवर येतात असं मानतात, म्हणून त्या महिन्यात सहसा लग्नं होत नाहीत. पितृपक्षात कार्य न धरणाऱ्या घरातून आलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. कायदेशीर नोंदणी अनेकदा काही महिने आधीच उरकलेली असते. सोशल मीडियावर सहीचे फोटो दिसले म्हणून आपण लग्न चुकवलं असं समजू नका.

होकार लगेच कळवा, आणि त्याच निरोपात तीन गोष्टी सांगा. तुम्ही किती जण येणार. शाकाहारी असाल तर नेमकं काय चालतं: अंडं चालतं का, ऑयस्टर सॉस चालतो का. आणि सकाळच्या विधीला घरी आलेलं चालेल का. हा तिसरा प्रश्न परदेशी पाहुणे संकोचाने विचारत नाहीत, आणि घरचे लोक 'एवढ्या पहाटे त्यांना कशाला त्रास' म्हणून आपण होऊन बोलावत नाहीत. तुम्ही विचाराच.

शाकाहाराबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्याकडची निम्मी काळजी तीच असते. चिनी मेजवानीत ताटं टेबलाच्या मधोमध येतात आणि दहा जण वाटून खातात, त्यामुळे 'त्यातली भाजी तेवढी घेईन' हा बेत फसतो; त्या भाजीवर अबलोनी शिंपल्याचा रस्सा असतो. आधी सांगितलं की हॉटेल तुमच्यासाठी एकेक पदार्थ वेगळ्या बशीत आणतं. बौद्ध घरांमुळे शुद्ध शाकाहाराची कल्पना तिथे सगळ्यांना आहे, आणि त्यांच्या कडक शाकाहारात कांदा-लसूणही नसतो. क्वान यिन देवीला मानणारी अनेक घरं गोमांस खात नाहीत, त्यामुळे त्याबद्दल सांगितलंत तरी कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत.

घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर तेही मित्राच्या कानावर घाला. सुतकासारखी कल्पना त्यांच्याकडेही आहे, आणि दुःखातल्या माणसाने लग्नघरी जाऊ नये असं जुनी माणसं मानतात. कधी घरातली एखादी आजी तुमचं जन्मवर्ष विचारेल. ठरावीक चिनी राशीच्या (ती जन्मवर्षावरून ठरते) लोकांनी नवरी घरात येते त्या क्षणी समोर असू नये असा संकेत काही घरं पाळतात. तुम्हाला पाच मिनिटं बाजूला उभं राहायला सांगितलं तर हसून राहा. तो अपमान नव्हे.

प्रवास

भारतीय पासपोर्टवर 1 डिसेंबर 2023 पासून मलेशियात 30 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं. सवलत मुदतीची आहे, म्हणून तिकीट काढण्याआधी ती चालू आहे ना ते बघून घ्या. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं असतं. क्वालालंपूरच्या केएल सेंट्रल स्टेशनवरून इपोहला ईटीएस ही विजेवरची गाडी जाते, साधारण अडीच तास लागतात. शनिवार-रविवारची आणि सुट्टीच्या दिवसांतली तिकिटं लवकर संपतात, तेव्हा आधीच काढा.

आहेराचं पाकीट

वस्तूंचा आहेर इथे चालत नाही. द्यायचा तो लाल पाकिटातून पैशांचा, म्हणजे आंगपाव. आपल्याकडे 501 देताना वरचा रुपया शुभ. इथे नेमकं उलट: रक्कम समच हवी, कारण सुख जोडीने यावं. त्यातही 4 नको, त्याचा चिनी उच्चार मृत्यूच्या शब्दाजवळ जातो. 8 सगळ्यांना प्रिय. 188, 200, 288 रिंगिट (मलेशियाचं चलन) अशा रकमा दिसतात. हे दर नव्हेत, नमुने आहेत. प्रत्यक्षात किती द्यायचं याचा तिथला हिशेब असा: हॉटेलच्या एका टेबलाचा दर भागिले दहा, म्हणजे तुमच्या खुर्चीचा खर्च, तेवढा तरी निघावा आणि जवळच्या मित्राने वर थोडं घालावं. हा आकडा नवऱ्यामुलाला विचारू नका. त्याच वर्गातला दुसरा मलेशियन मित्र असेल त्याला विचारा, तो न लाजता सांगेल. जोडीने गेलात तर दोन खुर्च्यांचं धरा.

नोटा कोऱ्या असाव्यात, नाणी नकोत. पाकीट लालच हवं. आपल्या घरात पडलेलं पांढरं पाकीट तिथे मयताला देतात, ते चुकूनही नेऊ नका. मागच्या बाजूला नाव लिहा, कारण हॉलच्या दाराशी बसलेले नातेवाईक पाकिटं मोजून वहीत नोंद करतात. पुढे तुमच्या लग्नाला किती द्यायचं ते त्या वहीवरून ठरतं. आपल्याकडच्या आहेराच्या वहीचीही रीत हीच.

शिवाय भेटवस्तू द्यायचीच असेल, आणि जुन्या घरातल्या सगळ्यांनी मिळून एक द्यावी असं मला मनापासून वाटतं, तर ती आदल्या दिवशी घरी नेऊन द्या. घड्याळ, छत्री, सुरी-कात्री या वस्तू टाळा. मरण, ताटातूट आणि संबंध तुटणं यांच्याशी त्या जोडलेल्या आहेत. पैठणीच्या काठाचा टेबलावरचा पट्टा किंवा उशांचे अभ्रे छान दिसतात: लाल-सोनेरी रंग आणि त्यावर मोर. तुमच्या समोर भेट उघडली नाही तर नाराजी मानू नका, देणाऱ्यासमोर न उघडणं ही तिथली सभ्यता आहे.

काय घालायचं

पूर्ण पांढरं नको, पूर्ण काळं नको. भडक लाल नवरीचा. जांभळी, मोरपंखी, केशरी साडी उत्तम, आणि साडी नेसून गेलात तर तिथल्या आज्या पदर हातात घेऊन बघतात. पुरुषांना फेटा बांधायची हौस असेल तर जरूर बांधा, फक्त हिरवा बांधू नका. डोक्यावर हिरवं घालणं म्हणजे बायको दुसऱ्याच्या नादी लागली आहे, असा चिनी समाजात अर्थ निघतो. भगवा किंवा गुलाबी घ्या.

जुन्या घरातल्यांची जुळवाजुळव

हॉटेलात वेगवेगळ्या खोल्या घेऊ नका. इपोहमध्ये अख्खं घर भाड्याने मिळतं, ते घ्या. एका स्वयंपाकघरात चहा करायला सगळे पुन्हा जमले की जे बोलणं होतं ते लॉबीत बसून होत नाही. खर्चाचा हिशेब एकाकडेच द्या, शक्यतो शिकत असताना वीजबिलाचा हिशेब जो चोख ठेवायचा त्याच्याकडे.

कुणाचं कुणाशी बिनसलं असेल, जुनं डिपॉझिट, जुनी उधारी, किंवा कुणाच्या वडिलांच्या आजारपणात फोन न केल्याची बोच, तर तो विषय प्रवासाआधी फोनवर मोकळा करून घ्या. लग्नघरातल्या टेबलावर दहा माणसांत तो निघू शकत नाही, आणि न निघता मध्येच बसून राहतो. शक्यतो दुखावलेल्याने नव्हे, दुसऱ्याने फोन करावा.

आता बायका-नवरे-मुलंही येतात. त्यांना जुने किस्से कळत नाहीत आणि तासभर हसणाऱ्यांमध्ये ती माणसं अवघडून बसतात. म्हणून आल्याआल्या पहिल्या जेवणाला त्यांच्यापासूनच सुरुवात करा, त्यांना बोलतं करा. घरातली माणसं कोण, कुणाची खोली कुठली, कुणाचं कशावरून हसं व्हायचं, एवढं एकदा सांगितलं की पुढचे दिवस तीही सामील होतात.

लग्नाआधी दोन दिवस पोहोचा. आदला दिवस मित्राच्या घरी गडबडीचा: रात्री केस विंचरण्याचा विधी असतो, घरातलं वडीलधारं माणूस मंगल शब्द म्हणत चार वेळा फणी फिरवतं. तो घरचाच कार्यक्रम, तिथे जाऊ नका. त्या दिवशी तुम्ही सकाळी डिमसम, म्हणजे छोटे वाफवलेले पदार्थ, खायला जा, जुन्या गावातल्या कोपितियाममध्ये, म्हणजे कॉफीच्या दुकानात, इपोहची व्हाइट कॉफी प्या, आणि मग गुनुंग रापातच्या बाजूला केक लोक तोंग या गुहामंदिरात. चुनखडीच्या डोंगरातून चालत आरपार गेलं की मागे तळं आणि बाग लागते. खूप वर्षांनी भेटलेल्या माणसांना चालताचालता बोलणं सोपं जातं. समोरासमोर बसलं की सगळे नोकऱ्यांबद्दलच बोलतात. शाकाहाऱ्यांसाठी मऊ गरम ताउ फू फा आहे, म्हणजे सोयाच्या दुधाचं दह्यासारखं गोड, आणि लिटिल इंडियात डोसा मिळतोच.

एक काम मात्र महिनाभर आधी करायचं: मेजवानीत मोठ्या पडद्यावर फोटोंची मालिका दाखवतात. जुन्या घरातले फोटो शोधून मूळ आकारात मित्राच्या भावंडाकडे पाठवा. आजी बघणार आहे, हे लक्षात ठेवून निवडा.

सकाळ: दार अडवतात ते

नवऱ्यामुलाच्या बाजूचे मित्र म्हणजे हेंग दाय, नवरीच्या मैत्रिणी म्हणजे जी मुय. तुमचा मित्र नवरामुलगा असेल आणि त्याने हेंग दाय व्हायला सांगितलं, तर हो म्हणा. उजाडायच्या सुमारास त्याच्या घरी जमायचं. बूट दाराबाहेर काढायचे. काहीतरी पोटात घालायचं, कारण पुढचे काही तास जे खाल ते शिक्षा म्हणून.

सजवलेल्या गाड्यांचा ताफा नवरीच्या घरी पोहोचतो. दार किंवा जाळीचं फाटक बंद असतं. आत जी मुय उभ्या, बाहेर तुम्ही. घासाघीस सुरू होते. कानपिळीला पाकीट घेतल्याशिवाय न सोडणारा मेहुणा ज्यांनी पाहिलाय त्यांना हा खेळ लगेच कळेल. आधी मागितलेला आकडा अवाढव्य असतो, त्यात 9 भरपूर असतात, कारण 9 म्हणजे दीर्घकाळ. तो द्यायचा नसतो, वाद घालायचा असतो. मग खेळ येतात: आंबट, गोड, कडू, तिखट या चार चवी. लिंबाची फोड, कच्चं कारलं, वसाबी लावलेलं बिस्किट. नवऱ्याने एकट्याने सगळं खायचं नाही, मित्रांनी वाटून घ्यायचं, म्हणूनच तर तुम्हाला नेलेलं असतं. आपण तिखटात तरबेज, तेव्हा मिरची आपण उचलायची. कारलंसुद्धा आपल्या माणसाला जड नाही. मित्राला जोर काढायला लावतील, बायकोसाठी दहा वचनं मोठ्याने वाचायला लावतील. त्याचा आवाज फुटला तर तुम्ही सगळ्यांनी मिळून ओरडून म्हणा. शेवटी लाल पाकिटं फाटकातून आत जातात आणि दार उघडतं.

आत गेल्यावर गोंगाट थांबवा. आता तुमचं काम संपलं, घरच्यांचं सुरू झालं.

चहा

मला या सगळ्या दिवसातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. आधी पितरांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावून नमस्कार. मग मोठी माणसं खुर्चीत बसतात आणि वधूवर उशांवर गुडघे टेकून दोन्ही हातांनी चहाचा छोटा पेला पुढे करतात. चहात वाळवलेली लाल चिनी बोरं आणि वाळवलेली लाँगन फळं असतात, चव गोडसर. शेजारी उभी असते दाय काम जे, हे विधी करवून घेणारी अनुभवी बाई. ती प्रत्येक पेल्याबरोबर कँटोनीजमध्ये शुभ ओळी म्हणते आणि पुढचा मान कुणाचा ते सांगते: आजी-आजोबा, आई-वडील, मग वयाने उतरत्या क्रमाने काका, आत्या, मामा, मावश्या. वडिलांचा मोठा भाऊ वेगळा, धाकटा वेगळा, आईचा भाऊ वेगळा. प्रत्येकाला त्याच्या नात्याने हाक मारूनच चहा द्यायचा. इंग्रज मित्र इथे गोंधळतात, आपल्याला काहीच समजावून घ्यावं लागत नाही.

प्रत्येक जण एक घोट घेतो, तबकात आंगपाव ठेवतो, आणि नवरीच्या हातात सोन्याची बांगडी किंवा गळ्यात साखळी घालतो. नवरीने क्वा हा लाल जरतारी लग्नाचा पोशाख घातलेला असतो, त्यावर ड्रॅगन आणि फिनिक्स, आणि सोनं एकावर एक चढत जातं. धाकटी भावंडं मात्र स्वतः वधूवरांना चहा देतात आणि त्यांच्याकडून पाकीट घेतात.

तुम्ही मित्र आहात, तुम्हाला चहा घ्यायचा नाही, द्यायचाही नाही. भिंतीशी उभे राहा, रिकामे पेले उचलायला मदत करा, फोटोग्राफरच्या आडवे येऊ नका. मित्राच्या आई-वडिलांना अंकल-आंटीच म्हणायचं, सगळे तेच म्हणतात. आणि हो, हेंग दाय आणि जी मुयना घरचे लोक एक छोटं आंगपाव देतात. 'नको नको' करत हात मागे घेऊ नका. दोन्ही हातांनी घ्या, तिथेच उघडू नका.

हेच सगळं मग नवऱ्याच्या घरी पुन्हा होतं. नवरीला गाडीपर्यंत लाल छत्रीखाली नेतात. दुपारी सगळे मोकळे असतात; झोपा.

मेजवानी

पत्रिकेवर सात लिहिलं असेल तर पहिलं ताट आठच्या आसपास येतं. पाचला काहीतरी खाऊन निघा. पण वेळेवर पोहोचा, कारण फोटो आणि गाठीभेटी त्या तासातच होतात.

टेबल गोल, खुर्च्या दहा, मधे फिरती चकती. तुम्ही सगळे एकाच टेबलावर बसणार हे आधीच मित्राच्या भावंडाला सांगून ठेवलेलं असावं. घरातला एखादा मलेशियन मुसलमान मित्र येत असेल तर त्याच्या जेवणाची सोय वेगळी करतात, तेव्हा त्याला तुमच्याजवळच्या टेबलावर बसवायला सांगा.

आठ-नऊ पदार्थ येतात. आधी थंड पदार्थांचं मोठं ताट, मग सूप, कोंबडी किंवा बदक, अख्खा वाफवलेला मासा, कोळंबी, मश्रूम आणि भाजी, शेवटाकडे भात किंवा दीर्घायुष्यासाठी लांब नूडल्स, आणि मग गोड. पहिल्या ताटालाच पोट भरू नका. शेजारी कुणी वाढून घेत असेल तेव्हा चकती फिरवू नका. वाढायचा चमचा वेगळा असतो, तोच वापरा. चॉपस्टिक भातात उभ्या खुपसू नका, तशा उदबत्त्या मृतांसाठी लावतात. माशाची वरची बाजू संपली की तो उलटायचा नाही. काटा उचलून बाजूला ठेवतात आणि खालचं खातात. मासेमारांची समजूत अशी की मासा उलटला की होडी उलटते. कुणी तुमच्या पेल्यात चहा ओतला तर दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करा, हे धन्यवाद. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवा, वाढपी न बोलावता येतो.

मग याम सेंग. वधूवर, आई-वडील आणि मित्र मंचावर जातात, पेले वर होतात आणि 'याऽऽऽऽम' हा शब्द श्वास पुरेल तेवढा ताणायचा, अगदी शेवटी 'सेंग!' असं तोडायचं. तीन वेळा. मित्राचं घराणं किती जोरात साजरं होतंय हे या आवाजावरून लोक बोलतात, तेव्हा तुमच्या टेबलाने कमी पडू नये. दारू घेत नसाल तर पेल्यात चहा किंवा सरबत घ्या. आवाज तेवढाच हवा. घेत असाल तर परतीला ग्रॅब या अ‍ॅपवरून गाडी बोलवा.

वधूवर कपडे बदलून पुन्हा येतात आणि टेबलाटेबलाने फिरतात. तुमच्या वाट्याला अर्धं मिनिट येईल. ते जवळ आले की सगळ्यांनी आधीच उठून उभं राहायचं, फोटोला कोण कुठे ते ठरलेलं असावं, आणि बोलायचं असेल ते एक वाक्य तयार ठेवायचं. मोठं बोलणं नंतर.

गोड खाऊन झालं की लोक भराभर निघतात. ही घाई उद्धटपणाची नाही, रीतच तशी. उरलेलं अन्न 'टापाव' म्हणून डब्यांत भरून देतात, टेबलावरच्या वडीलधाऱ्यांना आधी विचारून घ्या. दाराशी वधूवर आणि आई-वडील ओळीने उभे असतात. आई-वडिलांशी दोन वाक्यं नक्की बोला: तुमचा मुलगा परक्या देशात आमच्याशी कसा वागायचा, आजारपणात कुणासाठी कांजी करून द्यायचा. ते त्यांना दुसरं कुणी सांगू शकत नाही.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राला फोन करू नका. रात्री घरी जाऊन सगळ्यांनी पाकिटं मोजलेली असतात, आणि उरलेला दिवस दूरच्या नातेवाइकांना निरोप देण्यात जातो. दुपारच्या चहाला या, आम्ही इथेच आहोत, एवढा निरोप आदल्या दिवशीच देऊन ठेवा. तो बायकोला घेऊन आला तर तिला मधे बसवा, कारण या घरात ती सगळ्यात नवी आहे. आला नाही तर तुमचं जेवण तुम्ही करा. परतीची ईटीएस गाडी म्हणूनच सकाळची घेऊ नका, संध्याकाळची घ्या.